सीनूसाठी लावलेलं दही

“अक्का, यायचं तर आतांच या,” असा ललिताचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशीचं तत्काळ तिकीट काढलं. ललिता म्हणजे सीनूची बायको. सीनू म्हणजे चेर्नोबिलच्या साली कीव्हच्या हॉस्टेलात माझ्याच मजल्यावर राहणारा सतरा वर्षांचा तंजावरी मराठी पोरगा. दोघंही शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला गेलो होतो. मी चार वर्षांनी मोठी. आता त्याचा थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसांत पोचलाय, आणि मला त्याच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती.

पुण्याहून चेन्नईला रेल्वेनं जाणार असाल तर डबा घरचा घ्या. गाडीतला पुलाव मी दोन घासांत झाकून ठेवला. रेणीगुंट्याला इडल्या मात्र गरम मिळाल्या. सेंट्रलला उतरून भुयारी वाटेनं पार्क टाउन गाठलं, की पुलावरून धावणारी लोकल चहाच्या पैशांत थेट सीनूच्या पेरुंगुडीला नेते. स्टेशन आलं हे कचऱ्याच्या वासावरूनच कळतं. शेजारच्या दलदलीत बगळे उभे होते. एरवी मी फोटो काढत बसले असते.

दुपारी सीनूबरोबर दवाखान्यात गेले. तो इतका वाळलाय की रिक्षात माझ्या पर्सएवढीच जागा त्याला पुरली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी सरळच विचारलं, “हे तेव्हाचंच का?”

“तेव्हा जी मुलं लहान होती, किरणोत्सारी आयोडीननं दूषित झालेलं दूध प्यायली, त्यांच्यात हा कॅन्सर वाढलेला नक्की दिसला,” त्या म्हणाल्या. “वय वाढेल तसा संबंध पुसट होतो. सतरा म्हणजे काठावर. आणि आकडे गावाचं सांगतात, एका माणसाचं नाही.”

“आणि आमच्यासारखे, परत आलेले?”

“जे तिथं राहिले त्यांची तपासणी होत राहिली. तुम्हाला कोण शोधणार?”

उपचारही किरणोत्सारी आयोडीनचाच होता म्हणे. आता तोही लागू पडत नाही. मला त्या बाईंचा रागच आला. त्यांचा काही दोष नव्हता.

घरी ललितानं त्याच्यासाठी दहीभात पातळ केला होता. दोन चमचे त्यानं जेमतेम गिळले आणि ठसका लागला. तो ठसका ऐकून माझ्याच्यानं राहवेना. कीव्हला हा पोरगा दहीभातासाठी रडायचा, म्हणून मी बाजारातल्या म्हातारीकडून ताजं दूध आणून केफिरच्या, म्हणजे तिथल्या ताकासारख्या आंबट दुधाच्या, विरजणानं दही लावायची. अपघातानंतर वॉर्डनबाईंनी मला बजावलं होतं, बाजारचं दूध घेऊ नका. मी म्हटलं, आपण थोडंच कच्चं पितो? चांगलं तीनदा उकळून विरजतो. आईनं शिकवलेलं, उकळलं की दूध निर्धास्त. मे महिनाभर मी त्याला तेच खाऊ घातलं. उकळून ते विष जात नाही, हे माझ्या वाचनात यायला कित्येक वर्षं लागली.

हे सगळं मी त्याला सांगितलं. ललिता हातातला वाडगा तसाच धरून उभी राहिली.

सीनूनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, “तूंही खाल्लीस नव्हे, अक्का?”

“खाल्लं की. रोज.”

“तुज तर कांही झालं नाही.” त्याचा चेहरा सैल पडला. “मग दह्यानं नव्हे. सरी, बरं, सोड.” आणि ललिताकडे वळून त्यानं आणखी एक चमचा मागितला.

परत येऊन आठवडा झाला. पाय अजून सुजलेले आहेत, बॅग दारातच पडली आहे. चेन्नईला कुठं राहावं, काय खावं, असं तुम्ही ब्लॉगच्या वाचकांनी विचारलंय. मला त्यातलं काही आठवत नाही.

दह्याचा वाससुद्धा मला लहानपणापासून सहन होत नाही. हॉस्टेलातलं ते दही मी एक चमचाही खाल्लं नव्हतं, सगळं सीनूसाठीच लावायची. तंजावरच्या पुष्कळ मराठी घरांसारखंच त्याच्याही घरी देवनागरी कोणाला वाचता येत नाही. म्हणून हे इथं लिहिलं.