कोनाड्यातली शिशी

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात कुकर लावत होते. "हे गेले," एवढंच नलूवहिनी बोलली आणि मग फोनमधून नुसता भोंगा ऐकू येत राहिला... काशीच्या घाटासमोरून जाणाऱ्या पर्यटकांच्या क्रूझचा. मेल्यावरही त्या क्रूझनं दादाची पाठ सोडली नाही.

दादा माझा थोरला भाऊ. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतला, भिक्षुकांच्या घरातला मुलगा जहाजावर इंजिनिअर झाला याचं गल्लीला कोण कौतुक! ते फार टिकलं नाही. यंत्रांचं तेलकट पाणी आणि संडासाचा मैला शुद्ध न करताच समुद्रात सोडायला त्या जहाजावर एक चोरनळी जोडलेली होती. दादानं ती उखडली आणि पुढच्या बंदरात तक्रार केली. बक्षीस म्हणून त्याला घरी पाठवलं, आणि नंतर कुठल्याच जहाजानं त्याला दारात उभं केलं नाही. "एवढा मोठा समुद्र, काय बिघडतं?" असं बाबा म्हणाले, तर हा उसळला, "सगळे हेच म्हणतात, म्हणून तर बिघडतं!"

मग काशीत शिकवण्या करत राहिला. गंगेचं तीर्थ मात्र ओठाला लावायचा नाही, त्यावरून वहिनीशी रोजची कुरबुर. एकदा बालाजी घाटाखाली त्या क्रूझचा मैला नदीत सुटताना त्यानं पाहिला आणि तडक प्रदूषण खात्याची कचेरी गाठली. तिथला साहेब हात जोडून म्हणाला, "अरे पंडितजी, गंगा मइया में भी कहीं कुछ मैला होता है?" श्रद्धेचा असा उपयोग आमच्या गावानंच करावा! दादानं प्रयोगशाळेत न्यायला त्या पाण्याचा नमुना भरून आणला. नमुना थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचा, ही जहाजावरची शिस्त. आमच्या घरात तशी जागा एकच, देवघराचा कोनाडा. गंगाजलाच्या शिशीशेजारी त्यानं ही शिशी ठेवली. त्याच संध्याकाळी त्याला झटका आला.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर वहिनीनं मला कोनाडा दाखवला. गंगाजलाची शिशी भरलेली, जशीच्या तशी. दुसरी अर्धी.

"चष्मा नव्हता गं डोळ्यावर. जल्दीत हात हिच्यावरच पडला. वास आला, पण गंगेला आजकाल येतोच ना... ह्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, अहो, आता तरी गंगेला नाही म्हणू नका. मग गिळलं त्यांनी."

मला वहिनीचा राग आला नाही. त्या हात जोडणाऱ्या साहेबाचा आला, अजून येतो. "हे सगळं लिही," असं वहिनीच म्हणाली.

निघताना मी तिला शिशी फेकून दे म्हटलं. "कुठे फेकू? मोरीत ओतली तर नालीतून गंगेतच जाणार. ह्यांना चाललं नसतं."

ती शिशी अजून कोनाड्यातच आहे. क्रूझ रोज संध्याकाळी भोंगा वाजवत निघते.