सायकलीची खांदेमळणी

पासलीत धोंडाबाईच्या तोंडाला सगळा गाव टरकून असे. बांधावरून चालताना कुणाचा पाय घसरून भाताचं एखादं रोप आडवं झालं, तर ती खाचराच्या पलीकडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. नवरा रखमाजी म्हणजे गरीब गाय. बायको बोलायला लागली की तो डोक्यावरचं मुंडासं सोडून पुन्हा बांधायला घेई. तेवढ्यात तिचं बोलून संपावं, असा त्याचा हिशेब. तो हिशेब बहुतेक वेळा चुकायचा.

पण ह्याच बाईचा आवाज नातवाशी, गेनूशी बोलताना लोण्यासारखा मऊ व्हायचा. पोटची पोरं एकेक करून गेली होती. शेवटी राहिलेली रतन बाळंतपणात गेली आणि जाताना हा लेक आजीच्या ओटीत टाकून गेली. पोराचा बाप सोनबा मुंबईला गोदीत हमाली करायचा, वर्षाकाठी एकदा यायचा. तेव्हा गेनू म्हणजे धोंडाबाईचं सगळं काही होतं. पोराला साधी शिंक आली तरी ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून राही. 'एवढं एक मला ऱ्हाऊ दे,' असं ती देवाला रोज बजावायची. विनवणं तिला जमतच नसे.

लढाईच्या भीतीनं मुंबईची माणसं गाव गाठत होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कुठल्याशा साहेबानं बिऱ्हाड मोडताना आपल्या पोराची लहान सायकल सोनबाला दिली. त्यानं ती सुटी करून गोणपाटात बांधली आणि गावाकडं येणाऱ्या माणसाबरोबर धाडली. नसरापुरापर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं ते गाठोडं पासलीत आलं. 'पोराला शाळा लांब पडते, ह्याच्यावर बसून जाईल,' एवढाच निरोप.

रखमाजीनं ओटीवर घोंगडी पसरून गाठोडं सोडलं. सांगाडा, दोन चाकं, साखळी, सीट, डब्यात नट आणि एक पाना. जन्मभर बैलगाडी वंगणारा माणूस तो. ह्या लोखंडाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं, हेच त्याला आधी कळेना. आणि शेजारी बसून धोंडाबाईचा एकच घोष चाललेला.

"पक्कं हाय का?"

"अगं, आजून बशिवलंच न्हाई, तर पक्कं कुठलं!"

उजवं पायडल सरळ बसलं. डावं काही केल्या आट्यात शिरेना. रखमाजी घामाघूम झाला. शेवटी धोंडाबाई करवादली, "जात न्हाई तर उलटं फिरवा की! काय हट्ट धरलाय लेकरावानी!" त्यानं वैतागून उलटं फिरवलं आणि पायडल गपकन आत गेलं. डाव्याचा आटाच उलटा होता. त्या दिवसापासून सायकल आपणच जोडली, असं ती सांगू लागली.

ब्रेक मात्र रखमाजीला पुरता कळला. हँडलची मूठ दाबली की रबराच्या गुट्ट्या चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. त्यानं सीटवर भाताचं पोतं बांधलं, सायकल अंगणाच्या उतारावर सोडली आणि मूठ दाबली. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"बघ. खूर रवून बैल हुबा ऱ्हावा, तसं हाय."

धोंडाबाईचं एवढ्यानं थोडंच भागणार? तिनं एकेक नट हातानं ओढून पाहिला, साखळीला हिसडे दिले, सीटवर स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळली. मगच पोराला वर बसू दिलं. वैशाखभर गेनू खळ्यात शिकला. पडला, गुडघे फोडून घेतले आणि शेवटी ब्रेकवर इतका विसंबला की भिंतीच्या अंगाशी जाऊन सायकल उभी करायचा आणि आजीची किंकाळी ऐकून हसायचा.

पावसाळ्यात चिखल झाला आणि सायकल गोठ्यात गेली. एका खुंट्याला ढवळ्या, दुसऱ्याला पवळ्या आणि तिसऱ्याला टेकून सायकल. वैरण टाकताना धोंडाबाई बैलांशी बोलायची, तशी हळूहळू तिच्याशीही बोलू लागली. दावणीला उभं असलेलं जनावर मुकाट दिसलं तर त्याची विचारपूस करावी, ही तिची जन्माची सवय.

भादव्यात पाऊस ओसरला. भात पोटरीत आलं, कणीस पोटात धरून उभं राहिलं आणि पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी. चिखलणीला जू ओढून सुजलेले खांदे ऊन पाण्यानं शेकायचे आणि तेल-हळद लावून चोळायचे. रखमाजी बैलांचे गोंडे आणायला वेल्ह्याला गेला होता, म्हणून ते काम धोंडाबाईनंच केलं. ढवळ्याचं झालं, पवळ्याचं झालं. वाटीत कारळ्याचं तेल उरलं होतं. तिचं लक्ष तिसऱ्या खुंट्याकडं गेलं.

तिच्या मनात आलं, उद्यापासून हिच्यावरच तर माझं पोर बसणार. मग हिनंच काय पाप केलंय? हिला खांदा नाही, पण सगळा भार चाकांवर. ती खाली बसली. दोन्ही तळहातांनी तिनं चाकाची कड न् कड चोळली. कुठं बोटभर कोरडं राहू दिलं नाही. बैलाला लावते त्याहून जास्त मायेनं लावलं. हँडलला कुंकू वाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाला तरी विनवलं.

"माज्या पोराला संबाळ बाबा. मला दुसरं कुणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी बैल धुऊन आणले. रखमाजी अंगणात शिंगांना गेरू लावत होता. गेनूनं हँडलला झेंडूची माळ अडकवली.

"आजे, देवळापाशी जाऊन येतो. समद्यांस्नी दावतो."

देऊळ नदीपलीकडं. वाडीतून गाडीवाट उतरत, एका वळणानं साकवाकडं जायची. साकव म्हणजे नदीवर टाकलेले चार ओंडके, त्याला कठडा नाही. खाली भादव्याची लाल नदी भरून चाललेली.

"साकवावर उतर. हातानं ढकलत ने."

"व्हय गं, बिरेक हाय की," म्हणत पोर गेलंसुद्धा. वाडीत बैलांची गर्दी, म्हणून तिथवर तो सायकल हातानं ढकलत, दारोदारी दाखवत चालला.

घटकाभरानं रखमाजी दावं घ्यायला गोठ्यात शिरला आणि तिथूनच त्यानं विचारलं, "अगं, हितं तेल कुणी सांडलं?"

"सांडलं न्हाई. सायकलीची बी खांदेमळणी केली म्या," ती ऐटीत म्हणाली. "चाकं निस्ती न्हाऊ घातली तेलानं."

रखमाजी बाहेर आला तो पांढराफटक पडून. हातातलं दावं गळून पडलं.

"चाकाला? अगं, रबर त्याच कडंला धरतं! आता त्ये कशाला धरंल?"

क्षणभर तिला कळलंच नाही. मग अंगणाच्या उतारावर जागच्या जागी उभी राहिलेली सायकल तिच्या डोळ्यांपुढं आली. पायांत वारं शिरल्यासारखी ती सुटली.

गाडीवाट लांबून वळसा घेत होती. मधे खाचरं होती. ती बांधावरून पळाली आणि दुसऱ्याच बांधाला तिला कळलं की बांधानं वेळ पुरणार नाही. तिनं उडी घातली ती सरळ उभ्या भातात. पोटरीतलं भात पायांखाली मोडत होतं, गुडघाभर चिखल पाय धरून ठेवत होता. पातळ फाटलं, ती पडली, उठली. आपल्याच हातानं, आपल्याच हातानं मी त्याला ढकलला, एवढंच तिच्या डोक्यात घण घालत होतं. देवाला बजावायचंही तिला सुचेना. ती नुसती 'आई, आई' म्हणत होती, आणि तिची आई जाऊन जन्म लोटला होता.

वळणाच्या खालच्या अंगाला ती वाटेवर चढली तेव्हा गेनू वरून येत होता. झेंडूची माळ वाऱ्यावर उडत होती. दोन्ही मुठी त्यानं पांढऱ्या पडेस्तोवर आवळल्या होत्या.

"आजे! ठरत न्हाई गं! आजे!"

उधळलेल्या बैलापुढं उभं राहायचं नसतं, बगलेला राहून शिंग धरायचं आणि मान वळवायची, हे तिच्या हाडांना ठाऊक होतं. ती बगलेला झाली. सायकल अंगाशी येताच तिनं डाव्या हातानं हँडल धरलं आणि उजवा हात सरळ फिरत्या चाकात घातला. हाडं मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. सायकल, पोर आणि ती, तिघंही कलंडून भातात पडली. साकव तिथून हाकेच्या अंतराहूनही जवळ होता. दगड टाकला तर पोचला असता.

गेनूच्या ओठातून रक्त येत होतं, पण तो रडत होता ते दुसऱ्याच भीतीनं. "आजे, म्या दाबला गं बिरेक. शप्पत दाबला. म्या न्हाई मोडली सायकल. बाला सांगू नगंस."

धोंडाबाईनं त्याला छातीशी ओढलं. चिरडलेल्या हाताला अजून कालच्या तेल-हळदीचा वास होता. तो वास नाकात गेला आणि ती मोठ्यानं, गाव गोळा होईल अशी रडली.

"तुजं न्हाई रं चुकलं, राजा. म्या त्याल लावलं. म्या लावलं."

आणि खरोखरच गाव गोळा झाला. 'पोरं हूड असतात' असं कुणी म्हणायला लागलं की ती मोडका हात पुढं करून पुन्हा पुन्हा तेच सांगायची. हाडवैद्यानं हात बांधला, पण तीन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. गेनू सायकलीजवळ जाईना. ती धुऊनपुसून गोठ्यात तशीच उभी राहिली, आणि पोर पहाटे उठून शाळेची वाट पायी तुडवू लागलं.

पुढच्या पोळ्याला खांदेमळणी रखमाजीनं केली. धोंडाबाई चुलीपाशी बसून होती. बैलांचं झाल्यावर ती उठली. तिच्या हातात वाटी होती, पण तेलाची नाही, चुलीतल्या राखेची. ती सायकलीपुढं बसली आणि डाव्या हातानं चाकांच्या कडा घासू लागली. राख उडत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुणी पाहतंय याची तिला पर्वा नव्हती. लोखंड कोरडं खरखरीत झालं, तेव्हा तिनं सायकल अंगणाच्या उतारावर काढली आणि गेनूला हाक मारली.

"मूठ दाब."

गेनूनं कचरत दाबली. तिनं मागून अंग टाकून, असेल नसेल तेवढ्या जोरानं सायकल ढकलली. ती हलली नाही. पुन्हा ढकलली. नाही हलली.

"आता बस," धोंडाबाई म्हणाली, आणि वाकड्या बोटांनी तिनं सीट घट्ट धरून ठेवली.