माईला द्यायचा खांदा

कुपवाड्याच्या पोस्टिंगवर मी हवालदार होतो. पहाटे पेट्रोलिंग, परतल्यावर हत्यारांची सफाई, मग लंगरमध्ये जेवण. माझ्या सेक्शनमध्ये विरारजवळच्या निर्मळ गावचा नाईक प्रमोद होता. केळीच्या बागेतला पोरगा, बर्फाला रोज शिव्या घालायचा.

एका सकाळी नाल्यात फायरिंग झालं. प्रमोदच्या मांडीत गोळी घुसली. कितीही आवळून बांधलं तरी रक्त थांबेना. मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"धुंध है. नहीं आएगा. नीचे लाओ. ओव्हर."

त्याला खांद्यावर घेऊन उतरलो. पोस्टवर पोचेपर्यंत त्याचा जीव गेला होता. माझ्या कंबरेत त्या दिवशी कळ भरली ती भरलीच.

पेन्शनवर आल्यावर विरारला मनवेलपाड्यात खोली घेतली. निर्मळला प्रमोदच्या आईकडे जाणंयेणं सुरू झालं. तिला आम्ही माई म्हणायचो.

"माज्या पोराला तू खांद्यावर आनलास," ती म्हणायची. "मला पन तूच खांदा दे."

"देणार, माई. फक्त घाई करू नका."

ती हसायची.

कंबरेसाठी गोळ्या झाल्या, शेक झाले, बेल्ट झाला. शेवटी जेवायला बसणंही जमेना. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली झिजलेली चकती काढून कृत्रिम बसवू, कंबर हलती राहील. आणि चीर म्हणे पोटावर!

"दुखतं मागे आणि कापता पुढून?" मी म्हणालो.

"गप बसा. त्यांना कळतं," माझी बायको सुमन म्हणाली.

ऑपरेशन झालं. चालायला लागलो. पण ऑर्डर कडक होती: तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात माईच्या पुतण्याचा फोन आला. माई गेली.

सुमनने बेल्ट आवळून दिला, रिक्षा केली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. मी पुढे होऊन बांबूला हात घातला. सुमनने मनगट धरलं.

"अहो, चकती सरकली तर जन्माचं अंथरूण धराल!"

"काका, नुसता हात लावा," पुतण्या म्हणाला. "आम्ही उचलतो."

माई अंगाने एवढीशी. पोरांना वजनही जाणवलं नसेल. मी हात लावला आणि मागे सरलो. असा संताप आला, पण काढणार कुणावर? सगळ्यांदेखत रडलो.

नाल्यातून उतरताना प्रमोद एकदाच बोलला होता. "उस्ताद, ठेवा मला खाली. कंबर मोडेल तुमची."

त्याचं मी ऐकलं नाही. माईच्या वेळी सगळ्यांचं ऐकलं.