खाटेवरून काढलेले फोटो

माझा पाय मोडला तो कलेपायी. निदान भेटायला येणाऱ्यांना मी तसंच सांगत असे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. बारामतीत माझा एका गाळ्याचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नसराईत मी आसपासच्या गावांत फोटो काढत फिरायचो. इंदापूरच्या एका लग्नात मला अक्षता पडतानाचा फोटो वरून घ्यायची हुक्की आली. मांडवातल्या टेबलावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर मी चढलो. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता उडाल्या, आणि नवरदेवाचा फेटा चौकटीत नीट बसावा म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं. मागे पाऊल ठेवायला काहीच नव्हतं.

कॅमेरा छातीशी धरून पडलो, त्यामुळे कॅमेरा वाचला. पाय घोट्याच्या वर मोडला. अक्षतांचा फोटो काही आला नाही, पण शेजारीच व्हिडिओ शूटिंगवाला उभा होता आणि त्यानं माझं पडणं अगदी स्थिर हातानं टिपलं. त्या घरी पाहुणे आले की लग्नाची कॅसेट लावतात आणि माझ्यापाशी आले की मागं घेऊन पुन्हा बघतात, हे मला पुढं कितीतरी लोकांनी आवर्जून सांगितलं.

प्लास्टर घालून मला गावी, पणदऱ्याच्या घरी आणून टाकलं. पाय अजिबात खाली टेकवायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. दुकान बायकोनं हातात घेतलं. कॅमेरा आणि डार्करूमचं काम मी तिला पूर्वी हौसेनं शिकवलं होतं. ती सकाळच्या एसटीनं बारामतीला जायची, पासपोर्ट फोटो काढायची, धुवायची आणि संध्याकाळी परत यायची. गिऱ्हाइकं माझी फारशी चौकशी करत नाहीत, हेही तिनं मला न विचारता सांगितलं. घरी मी आणि माझे वडील, आबा. ते बहुतेक वेळ गोठ्यात असत आणि मी खाटेवर उताणा.

कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं, की खऱ्या छायाचित्रकाराला चार भिंतीही पुरतात. मला त्या भिंती आयत्याच मिळाल्या होत्या. बायकोकडून ब्लॅक अँड व्हाइट रोल मागवला आणि कामाला लागलो. पाण्याच्या पेल्यातून वाकडी दिसणारी खिडकी काढली. प्लास्टरवर पडलेली गजांची सावली काढली. खिडकीत तीन कांदे ओळीनं मांडून त्यांच्यावर ऊन यायची वाट बघत बसलो, तर ऊन यायच्या आत त्यातले दोन कालवणात गेले.

एकदा आबा दारात उभे राहून बघत होते.

"काय काढतुयस?"

"सावली."

"कुणाची?"

"गजांची."

"गज तर हितंच हायती की," आबा म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

रोल धुऊन बायको फोटो घेऊन आली. खाटेच्या कडेवर बसून तिनं एकेक बघितला.

"ह्यो कशाचा?"

"पाण्याचा."

"आन् ह्यो?"

"त्योबी पाण्याचाच. सकाळचा हाय त्यो."

तिनं ते फोटो पाकिटात घालून माझ्या उशाखाली ठेवले, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा बेतानं.

हाडं लवकर जुळावीत म्हणून शेजारची म्हातारी मला बोकडाच्या पायांचा रस्सा आणून द्यायची. नात्याची नव्हती, पण सगळी आळी तिला आत्या म्हणायची. एके दुपारी ती खिडकीशी बसली असताना तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि बाकीचा अर्धा काळोखात बुडाला. मी हरखून गेलो. तिला हलू नको म्हणालो आणि फोटो काढला. आता एखादं बक्षीस कुठं जात नाही, असं मला वाटलं.

फोटो आल्यावर आत्यानं तो हातात धरून बराच वेळ निरखला.

"माझं दुसरं अर्धं त्वांड कुठं गेलं?"

"अंधारात हाय, आत्या. मुद्दाम केलंय तसं."

"म्या तर सगळीच आले हुते," ती म्हणाली. मग फोटो मला परत देत म्हणाली, "जल्मात एकबी फोटू न्हाय माझा. काढायचा तर पुरा काढ. पायातल्या वहाणांसकट."

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, वहाणा घालून आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला उठता येत नव्हतं. मान उशीवर आणि कॅमेरा तिच्या गुडघ्यांच्या उंचीला, असा तो फोटो निघाला. छापून आला तेव्हा मी कपाळावर हात मारला. ठेंगणी आत्या वाशांना टेकल्यासारखी दिसत होती. हनुवटी वर, पाय खांबासारखे. मी तो फाडून टाकणार होतो, पण बायकोनं माझ्या हातातून काढून घेतला आणि फ्रेम करून आत्याला नेऊन दिला.

त्यानंतर माझ्या तब्येतीची चौकशी फार वाढली. लोक इस्त्रीचे कपडे घालून, पावडर लावून मला बघायला येऊ लागले. पायाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. "आत्यागत उंच येऊ द्या." एक जण बैल घेऊन आला आणि बैल दारातून आत येईना म्हणून माझी खाटच दाराकडे सरकवली. आबा बाहेर उभे राहून सांगायचे, "पायाला धक्का लावू नका, पेशंट हाय."

गर्दी ओसरल्यावर एके दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून आत आले. अंगानं ते लहानखुरे. भिंतीपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाबी काढ तसंच."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. लहानपणी तापानं पडलो की ते असेच माझ्या खाटेशी येऊन उभे राहायचे आणि मला छपराएवढे वाटायचे. त्या दिवशी मला फोकस काही केल्या जमेना. "झालं का?" असं त्यांनी विचारलं, मी झालं म्हणालो, आणि मग घाईनं बटण दाबलं. फोटो थोडा हललेला आला. आबांना तो फार आवडला.

प्लास्टर निघालं, मी काठी टेकत दुकानात जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात पणदऱ्याचं एक जोडपं आलं. मी त्यांना पडद्यासमोर उभं केलं, दिवे लावले, स्टँडवर कॅमेरा चढवला. नवरा अवघडून उभा होता.

"अवो, उभ्यानं नगं," तो म्हणाला. "तुमी आडवं व्हा की."

मी त्याला प्रकाश, उंची, प्रमाण असं बरंच काही समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोसकट तसाच उभा राहिला. तेवढ्यात माझ्या बायकोनं आतून सतरंजी आणून माझ्या पायाशी अंथरली.