नादारीचा अर्ज मीच केला

“कूर्बेडा. निंतको.”

बसू नको. उभी राहा.

देवराज मोहल्ल्यातलं रेशमी साड्यांचं दुकान. लग्नसराई. गिऱ्हाइकं दाटीवाटीने बसलेली आणि मी मापाची टेप गळ्यात घालून स्टुलावर टेकत होते. वय सहासष्ट. दोन्ही गुडघे गेलेले. बोलला तो दुकानाचा मालक, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आदल्या महिन्यापर्यंत “कूतकोळ्ळी अम्मा”, बसा अम्मा, म्हणायचा. एक हप्ता चुकला आणि तो एकेरीवर आला.

एका बाईने विचारलं, “त्यांना का उभं केलंय?”

तो हसला. “दिवाळी आगिदाळे.”

कन्नडात दिवाळं निघालेल्याला दिवाळीच म्हणतात. कुणीतरी म्हणालं, मग फटाके कुठायत? सगळं दुकान हसलं.

मीही हसले. ते माझं हसणं मला आजही सहन होत नाही.

त्या दिवशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी उभी राहिले. अकरा दिवस. संध्याकाळी घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे आणि सकाळी पुन्हा तिथेच.

माझे यजमान हुणसूरला तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. हातातली रोकड संपल्यावर मी मालकापुढे हात पसरला. त्याने पैसे दिले, नाही असं नाही. एका कोऱ्या स्टँप पेपरवर सही घेतली. यजमान दोन वर्षं जगले. ते गेल्यावर दुकानाच्या ब्लाउजांची माझी सगळी मजुरी व्याजात वळती व्हायला लागली, वर हप्ता वेगळा. मुद्दल जिथल्या तिथे.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, “घरचं मशीन आणून इथं ठेव. तेवढंच व्याज फिटेल.”

ते मशीन मी माझ्या कमाईचं घेतलेलं. चाळीस वर्षं त्यावर माझं पोट भरलं. टेप गळ्यातली काढली, काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडले. मशीन गेलं की मी मेल्यातच जमा, एवढं मात्र लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले. तिथे बायकांना वकील फुकट देतात असं ऐकलं होतं. माझ्या वाट्याला एक तरुण वकील मुलगी आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अज्जी, नादारीचा अर्ज करता येतो. आहे ते सगळं खरं लिहून द्यायचं, काही लपवायचं नाही. जे विकण्यासारखं असेल ते कोर्ट घेईल. मशीन घेणार नाही, ते तुमच्या पोटाचं हत्यार आहे.”

“या वयात नादार म्हणवून घेऊ?”

“कायद्यात वयाची अट नाही, अज्जी.”

कृष्णराजनगरहून धाकटा भाऊ धावत आला. “अक्का, आपण फौजेतल्या शिपायांच्या घरचे. आपल्यात कुणी दिवाळं काढलंय? मर्यादा जाईल सगळी. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय.”

“हप्ता तू भरतोस?”

त्याने चहाचा कप बाजूला सारला.

“मग सुम्ने, गप्प बस.”

चहा न घेताच गेला. पोरीच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही.

कोर्टात मालकाच्या वकिलाने विचारलं, “पैसे घेताना लाज वाटली नाही. आता बुडवताना तरी वाटते का?”

कठडा घट्ट धरला होता. मी म्हणाले, “बुडवत नाही साहेब. माझं किडुकमिडुक सगळं यादीत लिहिलंय. यांनीही लिहून द्यावं. मी किती ब्लाउज शिवले, माझी मजुरी कुठे गेली. आणि मी सही केली तेव्हा तो कागद कोरा होता.”

न्यायाधीशांनी मालकाकडे हिशोब मागितला. हिशोब नव्हताच.

मला नादार ठरवलं. पोस्टातली ठेव गेली, यजमानांची स्कूटर गेली, आईच्या दोन पाटल्या गेल्या. पाटल्या देताना त्या पुन्हा एकदा हातात चढवून पाहिल्या, खोटं कशाला बोलू? पुढे बऱ्याच तारखांनंतर कर्जातून मोकळी केल्याचा हुकूम हातात आला. कुणी पेढे वाटले नाहीत. दूधवाला आधी पैसे मागायला लागला. गल्लीतल्या दोघीतिघींनी शिवायला टाकणं बंद केलं. मी शाळेचे युनिफॉर्म शिवायला घेतले. हात चालतात तोवर तेच.

मागच्या महिन्यात मालकाने माणूस पाठवला. म्हणे, यजमानरु, म्हणजे मालक, झालं गेलं विसरले, अम्माला माफ केलंय, लग्नसराई आहे, कामावर या.

मला माफ केलंय.

मी त्या माणसाला दारातच सांगितलं, तुझ्या मालकाला जाऊन सांग. त्याचं देणं कोर्टाने मिटवलं. अकरा दिवसांचं माझं येणं बाकी आहे, ते कुठल्याच कोर्टात मिटत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. करणार नाही. त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. ज्याला माझं काम हवं त्याने माझ्या दारात यायचं, मजुरी आधी ठरवायची आणि रोख मोजायची.