हरकत म्हणजे गती

टेबलावरची कुठलीही वस्तू बोटानं सरकवून पाहिल्याशिवाय आमच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरसाहेबांना चैन पडत नसे. सरकवायचे आणि विचारायचे, "जोर इधर, चाल किधर?" उत्तर आपण द्यायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. तोवर माझी दौत दोनदा सांडली होती.

निजामाच्या राज्यात धाराशिवच्या आमच्या शाळेत शिकवणं उर्दूतून चाले. ते सायन्स शिकवायचे, मी मराठी शिकवायचो. त्यांचे वडील तेरखेड्याला शोभेची दारू बनवत. यांना मात्र उदबत्तीच्या धुरानंही खोकला यायचा. हैदराबादहून मागवलेल्या, उजेडाच्या वेगावरच्या एका पुस्तकानं त्यांना पार झपाटलं होतं. मधल्या सुट्टीत बकरा मी.

"पंडितजी, समजा एक गाडी जवळजवळ उजेडाइतकी पळायला लागली. आता मागून कितीबी ढकला. जोर वाढतो, वेग जरासाच वाढतो. उजेडाला काय गाठत न्हाय."

"आणि बाजूनं ढकलली तर?"

"शाबास! तेवढ्याच जोरानं बाजूला लवकर ऐकते. म्हणून तिरका जोर लावला, की गाडी जोराच्या रेषेत जातच न्हाय, जरा बाजूला कलते."

"इतकी पळणारी गाडी तुम्ही पाहिलीत कुठं?"

"गाडी न्हाय पाहिली. हिसाब पाहिला."

मी टिंगल करायचो. पण मला ते कळलं होतं, अगदी चांगलं कळलं होतं.

निजामी संपली त्या आठवड्यात रझाकारांची धरपकड सुरू झाली आणि घरात उर्दू कागद सापडणं जिवावरचं झालं. झडतीत मास्तरसाहेबांची सायन्सची उर्दू वही निघाली आणि वाचायला मला चौकीवर बोलावलं. ते बाकावर बसले होते, पायात चपला नव्हत्या. कारकून सोलापूरकडचा, त्याला उर्दूचा गंध नाही. मी वाचलं, "कुव्वत बढ़ाते जाओ, तब भी हरकत की एक हद है."

ओळखीचे शब्द तेवढे पकडून कारकुनानं मराठी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "बळ वाढवाल तर आमची हरकत आहे. याला हद्द आहे."

मास्तरसाहेब ताडकन उठले. "साहेब, हरकत म्हणजे गती! कुव्वत म्हणजे जोर. हे सायन्स आहे. पंडितजींना विचारा, त्यांना मी समजावलंय."

"तेरखेड्याचे ना तुम्ही? दारूवाले?" असं म्हणून कारकून माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्हाला कळतं का हे?"

दाराशी जमाव होता. त्यातून कुणीतरी ओरडलं, "त्यो बी त्याचाच दोस्त हाय!"

मी वही मिटून टेबलावर ठेवली.

"नाही," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ढ मुलाला आता पुन्हा कसं समजवावं, अशा काळजीनं पाहत होते ते. मग त्यांना ट्रकमध्ये चढवलं. कुठं नेलं, ते आजवर कळलं नाही. मी भ्यालो होतो. याहून वेगळं कारण मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बेगम आमच्या दारात आल्या. या म्हटलं तरी आत आल्या नाहीत.

"भाईजान, तुमी तिथं होते म्हणं. काय झालं?"

"सांगायचं तेवढं मी सांगितलं, भाभी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमी होते म्हणून बरं. न्हाय तर एकटेच पडले असते ते."