दाजींचा रिपोर्ट मी कसा वाचला

माझ्यामुळं बहिणीवरची सवत टळली, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आता लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी सांगलीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. बहीण साताऱ्याजवळच्या गावात दिलेली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एका भाऊबीजेला मी तिच्या घरी पाटावर बसलो असताना तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, दारातून म्हणाले, "भावाला तरी जपून ओवाळ. वांझंच्या हातचं लागतं म्हणत्यात."

बहिणीच्या हातातलं ताट हललं नाही. मी मान खाली घालून ओवाळून घेतलं. त्या दिवसापासून मी संधीची वाट बघत होतो.

संधी दाजीच सांगलीला माझ्याकडं घेऊन आले. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. फौजेतून सुटून आल्यापासून दारू वाढली होती. ऐन उन्हाळ्यात अंगावर टॉवेल घट्ट गुंडाळलेला. मी त्यांना लॅबशेजारच्या डॉक्टरांकडं नेलं; त्यांनी तो काढायला लावला तेव्हा दिसलं, छाती बाईसारखी भरली होती.

डॉक्टरांनी लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्यांसोबत पुरुषी हार्मोनचीही तपासणी लिहिली. ती आमच्याकडे होत नसे. दाजींचं रक्त मीच काढलं आणि नमुना बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एस.टी.नं पुण्याला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला. आकडा असायला हवा त्याच्या पुष्कळ खाली होता.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "लिव्हर जसं निकामी होत जातं, तसा हा हार्मोन उतरतो. इतका उतरलाय म्हणजे आजार फार पुढं गेलाय. आठ दिवसांत अ‍ॅडमिट करा. आणि मूल का झालं नाही, ते यावरून काढू नका. हा आजचा आकडा आहे, बारा वर्षांपूर्वीचा नाही." घरच्यांना वाचता यावं म्हणून त्यांनी हेच मराठीत चिठ्ठीवर लिहून दिलं.

त्याच आठवड्यात दाजींच्या घरी बैठक होती. मूल व्हावं म्हणून त्यांना दुसरी बायको करून द्यायची होती; दुखणं साधी कावीळ म्हणून सांगितलं होतं. ओसरीवर दाजींची भावकी आणि मुलीकडचे दोघं बसले होते. बहीण आत चहा करत होती. दाजींचे चुलते मला म्हणाले, "पावणं, मन मोठं करा. तुमची भन हितंच ऱ्हाईल. भाकरीला कमी न्हाई पडायची."

"मन मोठंच हाय," मी म्हणालो. "पर आदी ह्यो कागद बगा. गड्याच्या रगतात जे लागतं, ते दाजींच्या रगतात न्हाई. बारा वर्सं खोट कुणात व्हती, तुमीच ठरवा."

कागद ओसरीभर हातोहात फिरला. मग भावकीतला एकजण हसला. "तरीच रं गड्या, टावेल सुटत न्हाई तुजा!" त्यानं टॉवेलचं टोक ओढलं. दाजींनी दोन्ही हातांनी छाती झाकली. मुलीकडचे चहा न घेताच उठले.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. आजही ते हात आठवले की आधी बरंच वाटतं, मग दुसरं काही.

डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती मी काढली नाही.

त्यानंतर दाजींनी कुठल्याही डॉक्टरपुढं सदरा काढला नाही. महिन्याभरानं मीच न्यायला गेलो. म्हणालो, "दाजी, चला. लिव्हरचं दुखणं हाय, दुसरं काय न्हाई." ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. "आता आनी कुणाला दावायचं ऱ्हायलंय, पावणं?"

पावसाळा संपायच्या आत ते गेले. वेळेवर नेलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांना विचारायचं मला धाडस झालं नाही.

दहाव्याला बहिणीनं विचारलं, "दादा, डॉक्टर आनी काय म्हनाले व्हते का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

तेव्हापासून ती मला देवासारखं मानते. घरी आलेल्या प्रत्येकाला सांगते, दादा नसता तर माझ्या डोक्यावर सवत बसली असती.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. दाजींना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण येत्या भाऊबीजेला पाटावर बसण्याआधी ती चिठ्ठी बहिणीच्या हातात देणार आहे. मग ओवाळायचं की नाही, ते तिनं ठरवावं.